रोज पाणी घालूनही कुंडीतला टोमॅटो मान का टाकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटो लावलाय, पाणी रोज घालताय, तरी पानं लोंबतात. झाडाला मेंदू नाही, मग त्याला ताण कळतो कसा? आणि एखादं टॉनिक मारावं का?

मी वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलंय. तरीही जुलैच्या झडीत कर्वेनगरच्या गच्चीवर दोन टोमॅटो बुडवून मारलेत. पानं लोंबलेली दिसली की मी आणखी पाणी घालायचे. आई म्हणायची, "अगं, त्याला तहान लागलीये की त्याचा जीव गुदमरतोय, ते तरी बघ!" तिचंच बरोबर निघालं.

कुंडीत पाणी साचलं की मातीतल्या फटींमधली हवा निघून जाते. पाण्यातून वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजारपट हळू पसरतात, त्यामुळे मुळांना ऑक्सिजन पुरत नाही. अशा वेळी मुळांत एसीसी नावाचा रेणू साठू लागतो. हा इथिलीनचा कच्चा माल. त्याचं इथिलीन करायला ऑक्सिजन लागतो आणि मुळांत नेमकी त्याचीच टंचाई. मग एसीसी पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांत, जिथे हवा मुबलक आहे तिथे, त्याचं इथिलीन होतं. आढीतला आंबा पिकवणारा वायू हाच. इथे मात्र तो वेगळंच काम करतो: देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि पान खाली वळतं. म्हणजे ते सुकलेलं नसतं, वाढून वाकलेलं असतं. हात लावून बघा, बऱ्याचदा ते कडक लागेल. मला तर हे फार आवडतं: गुदमरताहेत मुळं, आणि त्यांची तक्रार दिसते पानांवर!

तहानेची गोष्ट वेगळी. माती कोरडी पडली की झाडात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक (हार्मोन) वाढतं. ते मुळांत तयार होऊन वर जातं असं आम्ही शिकलो होतो. पण 2018 साली जपानी शास्त्रज्ञांनी ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपात दाखवलं की मुळांकडून एक लहानसं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण छोटा रेणू, पानांपर्यंत जातं आणि ते पोचलं की पानं स्वतःच हे ॲसिड बनवतात. त्यानंतर पर्णरंध्रांच्या, म्हणजे पानांवरच्या बारीक छिद्रांच्या, दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामागोमाग पाणी जातं, पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. या निरोपात कॅल्शियम आणि चक्क हायड्रोजन पेरॉक्साइडही सामील असतं. जास्त झालं तर पेशी जाळणारं रसायन, बेताने असलं तर निरोप्या.

रंध्रं मिटली की पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणून वाढ मंदावते. मे महिन्यात दुपारी पानं मरगळतात ती बहुतेक वेळा उन्हात पाणी उडण्याचा वेग मुळांच्या पाणी शोषण्याच्या वेगापेक्षा जास्त असल्यामुळे. संध्याकाळी सावरली तर काळजी नको.

तेव्हा पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, चिखल लागला तर हात आवरा. शेतकरी टोमॅटो गादीवाफ्यावर, म्हणजे पाणी साचू नये म्हणून उंच केलेल्या वाफ्यावर लावतात, ते उगाच नाही.

राहिलं टॉनिक. द्राक्षबागायतदार जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक, वापरतात, पण मोजूनमापून, ठरलेल्या वेळी आणि मणी फुगवण्यासारख्या ठरावीक कामासाठी. गुदमरलेल्या मुळांना त्याचा काय उपयोग? आधी कुंडी तिरकी करून खालचं भोक बघा. माझ्या कुंडीचं भोक नारळाच्या काथ्याने आणि मुळांच्या जाळीने पार बुजलेलं होतं. खिळ्याने मोकळं केलं, तर तांब्याभर पाणी बाहेर आलं.