पुस्तकवेड्यांचा शेजार

ठाणे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकांवरची पुस्तकं वाचण्यात वेळ वाया जातोय का, असं तू विचारलंस. आधी उत्तर देतो, मग बाकीचं बोलू. अजिबात वाया जात नाही. ‘आधी मूळ पुस्तकं वाच, मग त्यांच्यावरची’ असं तुला कुणीतरी बजावलंय म्हणे. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण एखादा माणूस आपल्या आवडत्या पुस्तकाबद्दल भरभरून बोलायला लागला, की त्याला मध्येच अडवून ‘थांबा, आधी मी ते वाचून येतो’ असं आपण म्हणतो का? ऐकत बसतो, आणि उठताना पुस्तकाचं नाव विचारून घेतो.

जडलाय हा नाद तर जडू दे. फक्त सुरुवात मराठीतून कर. सतीश काळसेकरांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ घे. साहित्य अकादमीचा 2013 चा पुरस्कार त्याला मिळाला, पण ते महत्त्वाचं नाही. एक कवी काय काय वाचतो, एका पुस्तकावरून दुसऱ्यावर कसा जातो, हे त्यात त्याच्या बरोबरीने चालत बघता येतं. मग नितीन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’. ते तर थेट तुझ्याच विषयावरचं आहे. जगभरच्या ग्रंथवेड्यांनी पुस्तकांबद्दल काय लिहिलं, ते त्यांनी मराठीत आणलंय. वाचताना हाताशी वही ठेव, नाहीतर नावं निसटतात आणि पुढे महिनाभर आठवत बसावं लागतं.

त्यानंतर हेलेन हान्फ. ‘84, चेरिंग क्रॉस रोड’ हे तिचं छोटंसं पुस्तक म्हणजे निव्वळ पत्रव्यवहार आहे. न्यूयॉर्कमधली ही लेखिका. पैशांची ओढाताण, आणि ओढ जुन्या इंग्रजी पुस्तकांची. ऑक्टोबर 1949 मध्ये ती लंडनच्या मार्क्स अँड कंपनी या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला यादी पाठवते. उत्तर येतं अगदी कारकुनी थाटाचं, खाली नुसती आद्याक्षरं. युद्ध संपून चार वर्षं झाली तरी इंग्लंडात मांस, अंडी रेशनवरच होती. ते कळल्यावर ही बाई दुकानातल्या मंडळींसाठी खाण्याच्या जिनसांची पार्सलं पाठवायला लागते. आद्याक्षरांमागचा माणूस हळूहळू पुढे येतो. त्याचं नाव फ्रँक डोएल. पण ‘मिस हान्फ’वरून ‘हेलेन’वर यायला त्याला दोन वर्षांहून जास्त काळ लागतो. ते पत्र आलं की जरा थांब, आणि आधीची चार-पाच पत्रं पुन्हा वाच. बोलणं बहुतेक किमतींचं, बांधणीचं, आवृत्त्यांचं. आणि तेवढ्यावर दोन अनोळखी माणसं केवढी जवळ आलेली! डिसेंबर 1968 मध्ये फ्रँक गेला. दोघांची भेट कधीच झाली नाही. तुझी ऐरोलीची गाडी ठाण्याहून सुटल्यावर उतरायची वेळ होईपर्यंत यातली थोडीच पत्रं होतील. होऊ देत. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नये, असं माझं ठाम मत आहे.

हान्फला जुनी पुस्तकं आवडत ती आणखी एका कारणासाठी. कुणीतरी आधी उलटलेली पानं आपण उलटतोय, ही सोबत तिला हवी असायची. कुणाच्या अर्पणाच्या ओळी, समासातल्या खुणा तिला खुपत नसत. हे वाचलंस की ग्रंथालयाच्या पुस्तकाकडे तू वेगळ्या नजरेने बघशील. आतल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के बघ: एका वर्षी ओळीने सात-आठ, मग कितीतरी वर्षं एकही नाही, आणि मग अचानक एक. तो एकटा वाचक कोण असेल, असं मला दर वेळी वाटतं. आपल्या स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1 जून 1893 चं आहे, मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षा पाच वर्षांनी थोरलं. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या वि. ल. भाव्यांसारख्या माणसांनी ते उभं केलं. तू ठाण्यात राहतेस आणि अजून तिथली सभासद नाहीस, हे मात्र मला पटत नाही.

अ‍ॅन फॅडिमनचं ‘एक्स लिब्रिस’ हे निबंधांचं पुस्तक तुझ्या घरात भांडण लावील. तिचा भाऊ कोपनहेगनच्या हॉटेलात पुस्तक उघडंच पालथं घालून बाहेर गेला. परत येऊन बघतो तर पुस्तक मिटलेलं, आत खुणेचा कागद, आणि खोली आवरणाऱ्या बाईची चिठ्ठी, की पुस्तकाशी असं कधीही वागू नये. फॅडिमन सांगते, पुस्तकावर प्रेम करणारे दोन तऱ्हेचे. एकांना त्याला ओरखडाही गेलेला खपत नाही. दुसरे पानं दुमडतात, समासात लिहितात, जेवताना शेजारी घेतात. ती स्वतः दुसऱ्यांतली. तुझी आई पहिल्यांतली आहे, हे मी सांगायला नको. माझा कौल फॅडिमनला, पण फक्त स्वतःच्या प्रतीपुरता. ग्रंथालयाच्या पुस्तकावर पेन चालवणाऱ्याला मी माफ करत नाही.

या प्रकारातली सगळीच पुस्तकं मात्र घेऊ नकोस. ‘वाचन माणसाला समृद्ध करतं’ हे दोनशे पानं घोळवणारी पुष्कळ निघतात. ओळखायची खूण सोपी आहे: त्यात पुस्तकांची नावं कमी आणि वाचनाची थोरवी जास्त असते. ज्याचं खरंच प्रेम असतं तो तपशिलात शिरतो. कुठल्या दुकानात मिळालं, कितीला मिळालं, कुठलं पान फाटलेलं होतं, कुणी नेलं ते परत दिलंच नाही. अल्बेर्तो मांग्वेल सोळा वर्षांचा असताना ब्वेनोस आयरेसच्या एका पुस्तकाच्या दुकानात काम करायचा. दृष्टी गेलेले थोर लेखक बोर्हेस तिथे यायचे, आणि त्यांनी या पोराला घरी येऊन वाचून दाखवशील का, असं विचारलं. पुढे मांग्वेलने वाचनाचा इतिहास लिहिला तो अशा माणसाच्या हाताने, ज्याने दुसऱ्यासाठी मोठ्याने वाचलंय. म्हणून तो एवढा जाडजूड असूनही कुठे कोरडा होत नाही.

एक काळजी घे. वहीतली यादी वाढत गेली आणि यादीतलं एकही पुस्तक हातात आलं नाही, असं होऊ देऊ नकोस. काळसेकरांचं पुस्तक संपलं की त्यांनी सांगितलेल्यांपैकी एक तरी मिळव, मग रिंढ्यांकडे वळ.

फॅडिमन विकत घेऊ नकोस, माझी प्रत आहे. येत्या रविवारी गोखले रोडला येणार असशील तर सकाळी दहाच्या आत ये, नंतर मी बाहेर पडतो. समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. जिथे पटणार नाही तिथे खाली तुझं मत लिही.

तुझा,
काका