वही एकच ठेव

बाळा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. बिझनेसच्या असाइनमेंटचा सर्व्हे अकरा जणांनीच भरला होता, ग्रुपने रिपोर्टमध्ये शंभर दाखवले, तू मान खाली घालून बसलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपलमध्ये, युनिव्हर्सिटीच्या उपासनेत, माईक हातात आला तेव्हा पहिल्या कडव्यालाच आवाज फुटेना. इथपर्यंत सगळं समजलं. पण पुढे तू लिहितेस की म्हणून वर्शिप टीम, उपासनेत गाणी घेणारा गट, सोडते, ढोंग नको, डिग्री तेवढी पूर्ण करते आणि चॅपलला हजेरीपुरती मागच्या बाकावर बसते. हे वाचून मला राग आला. तुझ्यावर कमी आणि स्वतःवर जास्त, कारण हेच शब्द मी वापरले होते.

मला तुला एकच सांगायचंय. वही एकच ठेव. देवाची वेगळी आणि धंद्याची वेगळी असं करू नकोस. टीम सोडलीस तर ढोंग संपेल असं तुला वाटतंय, पण खरं तर तू दुसरी वही कायमची उघडतेयस.

अकाउंटिंगच्या पहिल्या सेमिस्टरला लुका पाचोलीचं नाव आलं असेल. फ्रान्सिस्कन साधू. व्हेनिसचे व्यापारी दुहेरी नोंद आधीपासून वापरतच होते, ती याने आपल्या गणिताच्या ग्रंथात नीट लिहून काढली आणि १४९४ मध्ये तो ग्रंथ व्हेनिसला छापला गेला. परीक्षेला एवढंच विचारतात. पण त्याच प्रकरणांत तो व्यापाऱ्याला सांगतो की वहीची सुरुवात देवाच्या नावाने कर, आणि जे लोक वह्यांचे दोन संच ठेवतात, एक घेणाऱ्याला दाखवायला आणि एक विकणाऱ्याला, त्यांना तो स्पष्ट शब्दांत वाईट म्हणतो. दुहेरी नोंद म्हणजे दोन वह्या नाहीत गं. व्यवहार एकच, त्याची नावे बाजू आणि जमा बाजू एकाच वहीत समोरासमोर. तुझं चॅपल आणि तुझा क्लास ह्या तशाच दोन बाजू आहेत. ट्रायल बॅलन्स, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बेरजा, जुळला नाही तर तू काय करतेस, चूक शोधतेस की एक बाजू फाडून टाकतेस?

मी फाडून टाकली होती. मी पण अशाच ख्रिस्ती युनिव्हर्सिटीत बिझनेस शिकलो, चॅपलमध्ये गिटार वाजवायचो, नंतर एका कंपनीत अकाउंट्सला लागलो आणि रविवारी चर्चमध्ये गाणी घ्यायला लागलो. सप्लायरची पेमेंट माझ्याकडे होती. लेखी आदेश कधीच नव्हता, तोंडी होता, की मोठ्यांची बिलं वेळेवर काढायची आणि छोट्यांची लांबतील तेवढी लांबवायची. क्लासमध्ये आम्ही हे वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजच्या धंद्याला लागणारा पैसा सांभाळणं, म्हणून शिकलो होतो आणि मला त्यात चांगले मार्क होते. आम्हाला खोकी छापून देणारा एक माणूस होता, आमच्याच चर्चचा. त्याचं बिल माझ्या ट्रेमध्ये चार महिने पडून होतं, टाचणीला गंज चढून कागदावर तपकिरी डाग उमटला होता, आणि तो डाग मी रोज बघायचो. एका रविवारी मी पहिलं गीत सुरू केलं आणि बघतो तर तो तिसऱ्या रांगेत, डोळे मिटलेले, माझ्या मागून मोठ्याने गात होता. मी थांबलो नाही, सगळी कडवी घेतली. नंतर तो पुढे येऊन हात मिळवून गेला, बिलाचा ब सुद्धा काढला नाही.

पुढच्या आठवड्यात मी गिटार ठेवून दिली. ढोंग नको म्हणून. आणि बिल? बिल ट्रेमध्येच. ते सातव्या महिन्यात निघालं, तोवर त्याने एक मशीन विकलं होतं. आठवड्यात एकच तास असा होता जिथे मला टोचायचं, तो तासच मी काढून टाकला आणि त्याला प्रामाणिकपणा असं नाव दिलं. नऊ वर्षं चर्चमध्ये पाय ठेवला नाही. त्या नऊ वर्षांत माझ्या हातून जे जे झालं ते ह्या पत्रात मावणार नाही.

तू बायबलमधलं आमोस ५:२३ लिहून पाठवलंस, तुझ्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापासून दूर कर. बरोबर आहे, पण पुढचं वचन का सोडलंस? न्याय पाण्यासारखा वाहू दे. आणि तीन अध्याय पुढे जा, ८:५ वाच. ते लोक शब्बाथात, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, बसून वाट बघतायत की हा कधी संपतो आणि आपण धान्य विकायला कधी काढतो, एफा हे धान्याचं माप लहान करून, शेकेल हे वजन जड करून, खोटा तराजू वापरून. म्हणजे अंगाने उपासनेत आणि मनाने दुसऱ्या वहीत. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात, २५:१३ मध्ये, तर सरळच आहे, थैलीत दोन तऱ्हेची वजनं ठेवू नकोस. मत्तय ५ मध्येही तेच. अर्पण वेदीजवळ आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. मी "ठेव" पर्यंतच वाचलं. गेलो पण नाही आणि परत आलो पण नाही. तू पण तिथेच थांबतेयस.

बिझनेस सोडून थिऑलॉजी घेऊ का, हा प्रश्न तर विचारूच नकोस. बायबलमधली लुदिया जांभळं कापड विकायची, प्रेषित पौल तंबू शिवायचा. विषय बदलून वही बदलत नाही.

लोक म्हणतात मी नंतर फार ताठर झालो. दोन नोकऱ्या सोडल्या, त्यातली एक तर वर्षअखेरीच्या स्टॉकवरून, गोडाऊनमध्ये न मोजता सही करा म्हणाले आणि मी केली नाही. घरच्यांना त्रास झाला, मुलांची शाळा बदलावी लागली, ते मला मान्य आहे आणि त्याचं वाईटही वाटतं. पण ती सही मी आजही करणार नाही. ज्याने एकदा दोन वह्या सांभाळल्यात ना, त्याला माहीत असतं की त्यातली खोटी कुठली हे काही वर्षांनी स्वतःलाच सांगता येत नाही. मी ताठर असेन तर असू दे.

आणि "असाइनमेंटच तर आहे, सगळेच करतात" हे मला परत लिहू नकोस. आज सर्व्हेचे आकडे, उद्या क्लोजिंग स्टॉकचे. हात तोच असतो बाळा.

आता ऐक. आधी ग्रुपला सांग, त्यांच्या मागून सरांकडे जाऊ नकोस. चिडतील, दोघं-तिघं बोलणंही बंद करतील. मग सरांकडे जाऊन रिपोर्ट परत माग आणि अकराच लिही, अकरा उत्तरांवरून जेवढं म्हणता येतं तेवढंच म्हण. मार्क जातील, जाऊ देत. आणि तिथून थेट प्रॅक्टिसला जा, त्याच दिवशी, रडून डोळे सुजले असले तरी. उशीर झाला तर पहिलं गाणं कोणीतरी सुरू करेल, तू दुसऱ्याला उभी राहा.

तुझा,
काका