घड्याळ मागे पडते, दोष सेलचाच का?

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यातले भिंतीवरचे घड्याळ नवा सेल घातल्यावर दोन-तीन महिने नीट चालते आणि मग रोज दहा मिनिटे मागे पडू लागते. काढलेला सेल रिमोटमध्ये मात्र चालतो. रिचार्जेबल सेल घातले, तर ते आणखी लवकर उतरले. दुसऱ्या एका घड्याळात सेल गळून पांढरी भुकटी साचली आहे. सतत सेल बदलून वैताग आला आहे. काय करावे?

उत्तर : आपला वैताग रास्त आहे, पण आपण इतके दिवस ज्याला दोष देत आहात, तो सेल बहुधा निर्दोष आहे. अशा घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत आतले सर्किट दर सेकंदाला एक ठोका तयार करते आणि त्या ठोक्याने छोटी मोटर काटा एक घर पुढे ढकलते. स्फटिकाची चूक महिन्याला फार तर मिनिटभराची असते. रोज दहा मिनिटे मागे पडणे म्हणजे दिवसाच्या 86,400 ठोक्यांपैकी 600 ठोके वाया जाणे, अर्थात ठोका पडतो आहे, पण काटा हलत नाही.

याची खूण सेकंदकाट्यातच दिसते. सहाकडून बाराकडे चढताना, विशेषतः नऊच्या आसपास, काटा आडवा असल्याने त्याचे वजन सर्वाधिक जाणवते. तो तिथेच थरथरत राहिला, तर मोटरची ताकद अपुरी पडते आहे असे समजावे. रिमोटमध्ये तोच सेल चालतो, कारण त्याला क्षणभरच काम असते आणि बटण एकदा चुकले तर आपण नकळत पुन्हा दाबतो. घड्याळाचा चुकलेला ठोका मात्र कायमचा जातो.

चांगला अल्कलाइन सेल घड्याळात वर्षभर तरी टिकायला हवा. म्हणून तोच सेल घरातल्या दुसऱ्या, नीट चालणाऱ्या घड्याळात घालून पाहा. तिथे तो महिनोन्‌महिने चालला, तर दोष पहिल्या घड्याळात आहे : काटे एकमेकांना किंवा काचेला घासत असतील, सेलच्या पट्ट्या काळवंडल्या असतील किंवा आतली चाके जड झाली असतील. काटे हलक्या हाताने सरळ करून आणि पट्ट्या खोडरबराने घासूनही फरक पडला नाही, तर केवळ आतले मशीन बदलून घ्यावे. मात्र नव्या मशीनचा दांडा जुन्याइतकाच लांब हवा आणि काटे त्यावर बसायला हवेत. सेलवर खर्च करत राहण्यापेक्षा मला हाच मार्ग योग्य वाटतो.

रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा असतो, साधा 1.5 व्होल्टचा, शिवाय तो नुसता पडून राहिला तरी हळूहळू उतरतो. वर्षभर थेंबाथेंबाने वीज घेणाऱ्या घड्याळाला तो सोयीचा नाही.

पांढऱ्या भुकटीला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण अल्कलाइन सेलमधून गळणारा द्राव दाहक असतो. हातमोजे घालून, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसाव्यात, नंतर ओलसर व मग कोरड्या फडक्याने टिपून पूर्ण वाळू द्याव्यात. पट्टीच झिजून तुटली असेल, तर त्या घड्याळाचेही मशीन बदलावे लागेल.