साकवाला स्टीलच्या दोरीचा कठडा लावताना
पहिलंच काम आहे ना, मग दोरीच्या आधी टोकाचे खांब बघ. सगळा ताण तेच खातात. माझ्या पहिल्या साकवावर टोकाचा खांब आत झुकला आणि ताणलेल्या दोऱ्या लोंबायला लागल्या. सगळं उतरवून तिरपा टेकू द्यावा लागला. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात स्टेनलेस स्टीलची 304 ग्रेड नको, 316 च घे. दोऱ्यांत 75 मिलिमीटर अंतर, मधले खांब मीटरभरावर. दोरी हाताने ताणली तरी फट 100 मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, लहान मुलाचं डोकं अडकतं. ताण मधल्या दोरीपासून वर-खाली देत जा, टर्नबकल (दोरी ताणायचा आट्यांचा जोड) अर्धा-अर्धा फेरा फिरवत. आणि लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावू नकोस बाबा, तांबूस ठिपके उठतात.