फ्री फास्ट चार्जिंगवाली जुनी इलेक्ट्रिक कार खेड्यात घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव दारव्ह्याच्या पुढं, नागपूरचा डीलर दोन वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक कार दाखवतोय, ‘फास्ट चार्जिंग फ्री आहे’ म्हणून बाजारभावापेक्षा पन्नास हजार वरचे मागतोय. घ्यावी का, आणि खेड्यात ती निभेल का?

निभेल. गाडी चांगली असेल तर जरूर घ्या. पण त्या फुकट चार्जिंगसाठी वरचे पैसे देऊ नका.

आधी हिशेब पाहा. फास्ट चार्जर यवतमाळला आणि तुमचं गाव तिथून ४५ किलोमीटर धरू. जाऊन-येऊन ९० किलोमीटर. छोटी इलेक्ट्रिक कार विजेच्या एका युनिटला (म्हणजे एका किलोवॅट-अवरला) साधारण ७ किलोमीटर देते, म्हणजे फेरीतच १३ युनिट गेले. ३० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेली तर १८ युनिट भरतात. घरी पोचल्यावर हाती उरले ५. घरची वीज दहा रुपये युनिट धरली तरी हे पन्नास रुपये झाले, आणि त्यासाठी अर्धा दिवस घातला, टायर झिजवले. मुद्दाम चार्जिंगला जाण्यात काहीच मिळत नाही. तुमचं कामच महिन्यातून दोनदा नागपूर-अमरावतीला असेल तर गोष्ट वेगळी. वाटेवरच्या स्टेशनवर युनिटला वीस रुपये धरले तर १८ युनिटचे ३६० वाचतात, वर्षाकाठी आठ-नऊ हजार. पन्नास हजार तरीही निघत नाहीत, कारण ही सवलत तितकी टिकतच नाही.

ती कशाला बांधलेली आहे, हे डीलरला विचारा. चेसिस नंबरला, की पहिल्या मालकाच्या मोबाइल नंबरवरच्या ॲपला? अमेरिकेत टेस्लाच्या सुरुवातीच्या मॉडेल एस गाड्यांची फुकट चार्जिंग गाडीलाच बांधलेली होती, गाडी विकली की नव्या मालकाला मिळायची. नंतरच्या योजनांत ती पहिल्या मालकापुरती झाली. आपल्याकडच्या सवलती मुळातच मुदतीच्या. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा सुरुवातीच्या ग्राहकांना एक वर्ष, आणि टाटानं त्याच सणासुदीत सहा महिने टाटा पॉवरच्या स्टेशनांवर चार्जिंग फुकट दिली होती. मुदत पहिल्या डिलिव्हरीपासून मोजतात, तुम्ही गाडी घेतल्यापासून नाही. म्हणून कंपनीच्या शोरूमकडून चेसिस नंबर टाकून ईमेलवर उत्तर घ्या: सवलत चालू आहे का, कोणत्या तारखेपर्यंत, दुसऱ्या मालकाला मिळते का, कोणत्या स्टेशनांवर. लेखी आलं नाही तर सवलत नाही असं धरा.

आता खरी मेख. ज्या गाडीला फुकट फास्ट चार्जिंग मिळालं, ती बहुतेक वेळा त्यावरच चाललेली असते. फास्ट चार्जर डीसी करंट (बॅटरीला लागतो तसा एकाच दिशेचा) थेट बॅटरीला देतो. घरच्या सॉकेटवरून एसी करंट (दिशा बदलत राहणारा) येतो आणि त्याचं डीसी करायचं काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. हा चार्जर बंद पडला असला तरी फास्ट चार्जिंगवर फिरणाऱ्या मालकाच्या ते लक्षात येत नाही. तुमची गाडी मात्र घरीच चार्ज होणार, म्हणजे तुम्हाला नेमका हाच भाग लागणार, आणि तो महाग आहे. म्हणून गाडीसोबतची मूळ पोर्टेबल केबल मागा आणि साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तासभर लावून बघा. ३० युनिटच्या बॅटरीत तासाला आठ ते दहा टक्के वाढायला हवेत. केबल हरवली असेल तर तिची किंमत भावातून वळती करा.

बॅटरी किती शिल्लक आहे हे किलोमीटरचा आकडा बघून कळत नाही, मोजावं लागतं. गाडी १०० टक्के भरून घ्या, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि ३० टक्के राहीपर्यंत चालवा. समजा १३० किलोमीटर झाले आणि स्क्रीनवर सरासरी १४० वॅट-अवर प्रति किलोमीटर दिसते. १३० गुणिले १४० म्हणजे १८,२०० वॅट-अवर, म्हणजेच १८.२ युनिट; एवढे ७० टक्क्यांत गेले, तर पूर्ण बॅटरी २६ युनिटची. नवीन असताना ३०.२ ची होती, म्हणजे सुमारे ८६ टक्के उरली. हा अंदाज आहे, दोन-तीन टक्के इकडं-तिकडं होतील. टाटाच्या नेक्सॉन-टियागोसारख्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत टक्क्यांचा आकडा भरकटतो, कारण चार्ज कमी-जास्त झाला तरी व्होल्टेज फारसं हलत नाही. म्हणून चाचणीच्या आदल्या रात्री गाडी घरगुती चार्जरवर १०० टक्के भरायला सांगा, फास्टवर नाही. शिवाय सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या स्टेट ऑफ हेल्थचा (नवी असतानाच्या तुलनेत किती टक्के उरली त्याचा) छापील रिपोर्ट घ्या. ८५ च्या खाली आकडा असेल तर दोन वर्षांच्या गाडीसाठी तो वाईटच, मी ती सोडून देईन.

मग गाडी फास्ट चार्जरवर न्या, शक्यतो दुपारी. २५ टक्क्यांवर लावा आणि चार्जरच्या पडद्यावर किलोवॅट किती ते दर दहा मिनिटांनी लिहा. ८० टक्क्यांनंतर वेग पडणारच, पण चाळीस-पन्नास टक्क्यांवर असतानाच तो अर्ध्यावर आला तर आधी गन (चार्जरच्या केबलचा गाडीत लावायचा प्लग) बदलून बघा. ६० किलोवॅटच्या चार्जरला दोन गाड्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी ३०-३० वाटून मिळतात. दुसऱ्या गनवरही तेच झालं तर बहुधा बॅटरी थंड होत नाहीये. लिक्विड कूलिंगच्या बऱ्याच गाड्यांत एअर कंडिशनरचा कॉम्प्रेसरच बॅटरीचं पाणी थंड करतो, त्यामुळं एअर कंडिशनर नीट थंड करत नसेल तर त्याकडं नुसती गैरसोय म्हणून बघू नका. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या ऐन उन्हाळ्यात, ४५ अंशांच्या वर पारा गेला की हाच भाग बॅटरी वाचवतो. सिट्रोएन ईसी३ सारख्या नुसत्या हवेवर बॅटरी थंड होणाऱ्या गाड्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोज फास्ट चार्ज करण्यासाठी मी सुचवणार नाही.

गनही बघून घ्या. हायवेवरच्या आजच्या स्टेशनवर सीसीएस२ प्रकारची गन असते. टॅक्सी कंपन्यांनी चालवलेल्या २०१९-२० च्या टाटा टिगोर किंवा महिंद्रा ई-व्हेरिटोला जुनी १५ किलोवॅटची गन लागते, ती आता सहज सापडत नाही. एमजी कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंगच नाही. तिच्यासोबत कोणी ‘फास्ट चार्जिंग फ्री’ विकत असेल तर तिथूनच परत फिरा.

लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. बॅटरी पोटाखाली असते. आपले पांदण रस्ते आणि गावागावचे बेताल गतिरोधक तिथंच लागतात. बॅटरीच्या कव्हरला चेंबलेली जागा दिसली तर गाडी सोडा, कारण पुढं बॅटरीत बिघाड झाला की कंपनी त्या डागाकडं बोट दाखवून वॉरंटी नाकारू शकते. नारिंगी रंगाच्या जाड वायरी उंदरांनी कुरतडल्यात का, तेही बघा. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या पोत्यांजवळ गाडी लावणाऱ्यांनी हे दर महिन्याला बघावं.

आता घरची वीज. याकडं सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त अडचण इथंच येते. मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढा: तांब्याची ४ स्क्वेअर एमएम वायर, अंतर ३० मीटरच्या वर असेल तर ६. २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं पिनवर हात ठेवा. हात ठेववत नसेल तर सॉकेट ढिला आहे, बदला. मंजूर भार १ किलोवॅट असेल तर महावितरणकडं वाढवून घ्या, गाडी एकटीच तीन किलोवॅटपर्यंत ओढते.

अर्थिंग नीट नसेल तर पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्ज करत नाही. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, इलेक्ट्रोडभोवतीची माती सुटते आणि पावसाळ्यात चालणारं अर्थिंग एप्रिलमध्ये बंद पडतं. तीन मीटरचा पाइप किंवा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घाला, आणि उन्हाळाभर खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता. मल्टिमीटर लावून तपासा: फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखं यायला हवं, आणि गाडी चालू चार्जवर असताना न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. लाल दिवा घालवायला काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. दिवा हिरवा होतो, पण पुढं कधी डीपीकडून येणारं न्यूट्रल तुटलं तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. घरात लहान मुलं असतात, अंगणात ओल असते. असं कुणालाही करू देऊ नका.

संध्याकाळी गावठाण फिडरवर व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की चार्जिंग तुटत राहतं. टायमर रात्री ११ नंतरचा लावा आणि गाडीत अँपिअर कमी करायची सोय असेल तर १० वर आणा. ३० युनिटची बॅटरी तीन किलोवॅटनं रिकामीची पूर्ण भरायला नऊ-दहा तास घेते, पण रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरणाऱ्याला तीन-चार तास पुरतात.

शेतातल्या मोटारीच्या कनेक्शनवर गाडी लावायचा मोह होईल. तो शेतीच्या दराचा गैरवापर ठरतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्या वापराची आकारणी लागू दराच्या दुपटीनं होते. त्यापेक्षा घराच्या छतावर सोलर बघा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तेवढी पॅनेल आपल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतात. महिन्याला १,२०० किलोमीटर चालवणाऱ्याला गाडीसाठी १७०-१८० युनिट लागतात, घर चालवूनही ते निघतात. विदर्भात मला फुकट चार्जिंग म्हणायची तर हीच वाटते.

वॉरंटीत पहिला-दुसरा मालक हा फरक मोठा आहे. विंडसरची आयुष्यभराची बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकालाच, पुढच्याला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर. टाटाच्या साध्या वॉरंटीत ८ वर्षं पहिल्या नोंदणीपासून चालू असतात. विंडसर बॅटरी भाड्यानं घेऊन विकत घेतलेली असेल तर ते भाडं कुणी भरायचं आणि फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र कुठं आहे, हे आधी मिटवा. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर गाडी टॅक्सीत चाललेली आहे. खाजगी गाडीची अक्षरं पांढरी असतात.

कागदांत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र). नागपूर आरटीओची गाडी यवतमाळला आणताय म्हणून फॉर्म २८ वरची एनओसीही लागते का, ते आरटीओत विचारा. डीलर १८ टक्के जीएसटी पूर्ण किमतीवर लावत असेल तर अडवा, जुन्या गाडीवर तो फक्त त्याच्या नफ्यावर लागतो. विमा १४ दिवसांत नावावर करा, नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडंच राहतो. आणि जुन्या मालकाच्या फोनमधल्या ॲपवरून गाडी काढून तुमच्या नंबरवर जोडेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा, कारण ती त्याच्या फोनवर राहिली तर गाडी कुठं उभी आहे ते त्याला दिसतं आणि तिची दारंही तिथून उघडू शकतात.