अश्रुछिद्र अरुंद झालंय, नुसतं रुंद करून भागेल की कापावं लागेल?

तुमच्या आईंच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं आणि डॉक्टरांनी ‘पंक्टल स्टेनोसिस’, म्हणजे अश्रुछिद्र अरुंद होणं, सांगितलंय. मी या दोन्ही उपायांतून गेले आहे, म्हणून लिहिते.

पापणीच्या कडेला, नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रू वाहून जायला छिद्र असतं, जेमतेम ०.३ मिलिमीटरचं. माझं खालचं बुजत आलं होतं. कर्वे रोडवर स्कूटर चालवताना उजवा गाल कायम ओला. काचबिंदूचे थेंब बरीच वर्षं चालू होते, त्याने असं होऊ शकतं. पापण्यांच्या कडांची जुनी सूज, वाढतं वय, केमोतली काही औषधं हीसुद्धा कारणं असतात. आईंना असे थेंब चालू असतील तर मनाने बंद करू नका.

आधी एका ठिकाणी डायलेटरने, म्हणजे निमुळत्या सळईने, छिद्र रुंद केलं. महिन्याभरात परत पाणी! ताणलेली कड पुन्हा आक्रसते.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी सिरींजिंग केलं. बोथट सुईने छिद्रातून सलाइन सोडलं आणि म्हणाले, “घशात खारट लागलं की सांगा.” लागलं. म्हणजे पुढचा मार्ग मोकळा होता. ही तपासणी झाल्याशिवाय कापायला होकार देऊ नका, अगदी कळकळीने सांगते. नाकात उतरणारी नळीच बंद असेल तर छिद्र कितीही मोठं केलं तरी पाणी थांबत नाही. तिथे डीसीआर, म्हणजे अश्रूंना नाकात जायला नवी वाट करून देणारं वेगळं ऑपरेशन लागतं.

माझं ‘थ्री-स्निप’, म्हणजे तीन छेदांचं छोटं ऑपरेशन, झालं. एकच छेद दिला तर कडा पुन्हा चिकटायची भीती असते. म्हणून छिद्राखालच्या उभ्या नळीच्या मागच्या, डोळ्याकडच्या भिंतीला दोन बाजूंनी दोन उभे छेद देतात आणि तळाशी तिसरा देऊन तो चौकोनी तुकडा काढून टाकतात. त्या उभ्या नळीला जोडलेली आडवी नळी शाबूत राहते. ते महत्त्वाचं, कारण पापण्यांच्या उघडझापीत हाच भाग अश्रू आत ओढायला मदत करतो. पुढची नळीही अरुंद असेल तर सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे ठेवतात. मला लागली नाही.

भुलीची सुई टोचली तेवढंच दुखलं. टाका नाही, त्याच दिवशी घरी. नंतर स्टिरॉइडचे थेंब देतात, त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो. काचबिंदू असेल तर आधीच सांगा.

आईंचं सिरींजिंग झालंय का आणि घशात खारट लागलं होतं का, तेवढं विचारून इथे कळवा.