डाफ्ट पंकचा 'रँडम ॲक्सेस मेमरीज' म्हणजे जुन्या डिस्कोची नक्कलच ना? मग त्याचं एवढं कौतुक का झालं?

नक्कल म्हणायला माझं मन धजत नाही. का, ते हा अल्बम कसा बनला हे कळलं की लक्षात येतं.

तोमा बांगाल्टेर आणि गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो ही पॅरिसची जोडी म्हणजे डाफ्ट पंक. २००१च्या 'डिस्कव्हरी' या अल्बमच्या वेळी त्यांची रीत अशी होती, की सत्तरच्या दशकातली विस्मरणात गेलेली एखादी रेकॉर्ड शोधायची, तिचा छोटासा तुकडा कापायचा आणि तो फिरवत ठेवून त्यावर नवं गाणं उभं करायचं. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' ज्यावर उभं आहे तो तुकडा एडविन बर्डसाँगच्या १९७९च्या गाण्यातला आहे. म्हणजे जुना आवाज हवाच असता, तर असे तुकडे वापरण्याचा, म्हणजे सॅम्पलिंगचा, सोपा आणि स्वस्त रस्ता त्यांच्या हातात होता, आणि त्यात त्यांच्याइतकं तरबेज कुणी नव्हतं. २०१३च्या या अल्बममध्ये त्यांनी तो रस्ता जवळजवळ सोडून दिला. सॅम्पल एकच आहे, शेवटच्या 'कॉन्टॅक्ट'मध्ये. बाकी जवळजवळ सगळं माणसांनी स्टुडिओत बसून वाजवलेलं आहे.

आता ही माणसं कोण, ते बघा. ड्रमवर जॉन रॉबिन्सन, ज्यांनी मायकल जॅक्सनच्या १९७९च्या 'ऑफ द वॉल'वर वाजवलं होतं. दुसरे ड्रमर ओमर हकीम, बास गिटारवर नेथन ईस्ट. आणि गिटारवर शीक या बँडचे नाइल रॉजर्स. ज्यांच्या रेकॉर्ड कापून पुढच्या पिढीनं गाणी बनवली, त्याच पिढीतले वादक.

रॉजर्स यांच्याबद्दल थोडं जास्त सांगतो. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या विरोधात डिस्कोच्याच रेकॉर्डचा ढीग रचून तो स्फोटानं उडवून दिला होता. लोक मैदानात घुसले, त्या दिवशीचा दुसरा सामना होऊच शकला नाही. त्याच उन्हाळ्यात शीकचं 'गुड टाइम्स' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, पण त्यानंतर त्या बँडला तिथं मोठं यश कधीच मिळालं नाही. रॉजर्स संगीत निर्माते म्हणून पुढे खूप मोठे झाले, पण डिस्को हा शब्द बराच काळ हेटाळणीचाच राहिला. या अल्बममधल्या 'गेट लकी'त त्यांचा हात ऐका: तारा अर्धवट दाबून मारलेले ते छोटे, कोरडे फटके. ही त्यांची स्वतःची शैली आहे. स्वतःचीच शैली वाजवणाऱ्या माणसाला नक्कल करतो असं कसं म्हणणार?

सगळ्यात मोठा पुरावा मला याच अल्बममधल्या 'जॉर्जिओ बाय मोरोडर' या गाण्यात दिसतो. १९७७मध्ये गायिका डॉना समरच्या 'आय फील लव्ह'मधून सिंथेसायझरचा आवाज नाचाच्या संगीतात रुजवणारे ते हेच जॉर्जिओ मोरोडर. त्यांना चाल बांधायला किंवा वाजवायला बोलावलंच नव्हतं. फक्त स्वतःचं आयुष्य सांगायला बोलावलं होतं. ते गेले तर समोर एकाच्या ऐवजी वेगवेगळ्या काळातले माइक मांडलेले, साठच्या दशकापासून आजपर्यंतचे. आयुष्यातल्या ज्या काळाबद्दल बोलाल, त्या काळाचा माइक वापरू, असा बेत. हा फरक ऐकू कुणाला येणार, असं मोरोडर यांनी विचारल्यावर इंजिनिअरनं सांगितलं की तोमाला येईल. मी स्वतः घरी हौसेनं गाणी मिक्स करतो. मला तो फरक ओळखता येत नाही, पण एवढी निगा राखणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पैसाही तसाच ओतला: बांगाल्टेरच्या अंदाजानं खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला. ईडीएमची, म्हणजे नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताची, लाट जोरात होती आणि लॅपटॉपवर एकट्यानं हिट गाणं करता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

स्वागताबद्दल म्हणाल, तर ते एकमुखी नव्हतं. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ३,३९,००० प्रती खपल्या, अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर गेला. जानेवारी २०१४मध्ये पाच ग्रॅमी मिळाले, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही होता. दोघं नेहमीप्रमाणे हेल्मेट घालून गप्प उभे राहिले आणि त्या पुरस्काराचं भाषण केलं पॉल विल्यम्स यांनी, म्हणजे सत्तरच्या दशकातले गाजलेले गीतकार, या अल्बममधल्या 'टच'चे गायक. पण अतिगुळगुळीत, जास्तच सफाईदार, अशी टीकाही झाली आणि ती मला काही अंशी पटते. 'लूज युअरसेल्फ टू डान्स' दोन मिनिटं कमी असतं तर बरं झालं असतं. मधली संथ गाणी सलग ऐकताना माझंही लक्ष भरकटतं. जुन्या चाहत्यांना 'डिस्कव्हरी'तला धसमुसळा जोश हवा होता, तो इथे नाहीच. पण हे दोष नकलेचे नाहीत. हातात वेळ, पैसा आणि अव्वल वादक असले की ओळ तोडवत नाही, तसे हे दोष आहेत.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर रेडिओवर वाजणारं 'गेट लकी' बाजूला ठेवा. हेडफोन लावून 'जॉर्जिओ बाय मोरोडर' पूर्ण नऊ मिनिटं ऐका. मोरोडर स्वतःचं नाव सांगतात आणि सिंथेसायझर सुरू होतो, तिथून शेवटापर्यंत फक्त ड्रमवर कान ठेवा. मग २०२३मध्ये याच अल्बमची ड्रम काढून टाकलेली आवृत्ती निघाली, तिच्यात तेच गाणं लावा. त्या वादकांना स्टुडिओत कशासाठी बोलावलं होतं, ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.